उजनीच्या उन्हात बोटीचे छत आणि गाद्या

समुद्रावरच्या बोटीला खाऱ्या पाण्याचा त्रास होतो, तर सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी जलाशयावर फिरणाऱ्या बोटीला उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि छताचे कापड दिवसभर तापते. मात्र अशा उन्हात कापडाआधी बहुधा दोरा मरतो. माझ्या पहिल्या छताला शिंप्याने साधा सुती दोरा वापरला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात कापड शाबूत असतानाच शिवणी एकामागून एक उसवत गेल्या. म्हणून जुने छत टाकून देण्याआधी उन्हाकडच्या शिवणीवर नखाने जोर देऊन घासून पाहावे. टाके तुटू लागले आणि कापड मजबूत असले, तर केवळ सर्व शिवणी नव्याने मारून घेतल्या तरी भागते.

कापडच विरले असेल तर नव्यासाठी ॲक्रिलिक कॅनव्हास निवडावा. त्याचा रंग सूत तयार होतानाच तंतूत मिसळलेला असावा, कारण वरून रंगवलेले कापड लवकर विटते. पीव्हीसीचा थर दिलेली ताडपत्री स्वस्त असते आणि तिच्यातून पाणी अजिबात झिरपत नाही. पण ती हवा खेळू देत नसल्यामुळे आत दमटपणा साचून बुरशी धरते. सुती कॅनव्हास ओला राहिला की कुजतो. चादरी आणि टॉवेलांच्या सोलापूर शहरात सुताचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु छतासाठी तो आवरावा.

जुने छत उतरवण्याआधी ते ताणून बसवलेल्या स्थितीत छायाचित्रे काढावीत आणि प्रत्येक तुकड्यावर पुढची, मागची व वरची बाजू खडूने लिहून ठेवावी. जुन्या तुकड्यांवरून थेट नवे कापड कापू नये, कारण वर्षानुवर्षे ताण बसून ते कुठे सैलावलेले तर कुठे आकसलेले असतात. पातळ प्लास्टिकचा कागद सांगाड्यावर ताणून, चिकटपट्टीने धरून, त्यावर शिवणी, चेन आणि टिचबटणांच्या जागा आखाव्यात व तोच फर्मा वापरावा. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ याच कामाला द्यावा, कारण सैल छतावर पावसाचे पाणी साचते आणि त्या वजनाने ते आणखी झोळते.

सोलापुरात गणवेश शिवणारे कुशल कारागीर आहेत, पण कपड्यांच्या साध्या यंत्रावर कॅनव्हासचे चार थर एकसारखे सरकत नाहीत. त्यासाठी वरचा पायही कापड पुढे नेतो असे जाड कामाचे यंत्र लागते. दोरा अतिनील किरणांना टिकणारा पॉलिस्टरचा, सुई १८ क्रमांकाची आणि टाका ४ ते ५ मिलिमीटरचा ठेवावा. कडा एकमेकींत दुमडून दोन समांतर टीपा माराव्यात आणि दुमड कौलांप्रमाणे उताराकडे ठेवावी, म्हणजे पाणी शिवणीत न अडकता ओघळून जाते. पाइप जिथे घासतो तिथे आतून जादा पट्टी लावावी. वळवाचा वारा उजनीवर किती अचानक उठतो, हे मे २०२४ मधील कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून झालेल्या दुर्घटनेनंतर कोणाला सांगण्याची गरज उरलेली नाही. म्हणून बाजूचे पडदे क्षणात सोडता येतील असेच बांधावेत आणि वाऱ्याची चाहूल लागताच गुंडाळून ठेवावेत.

आसनांचे काम उलट क्रमाने पाहावे, म्हणजे आधी तळाची प्लाय. ती टोचून पाहता मऊ लागली, तर वरचे रेक्झिन कितीही चांगले घेतले तरी पैसे वाया जातात. नव्या प्लायला पाणी निथळण्यासाठी भोके पाडून सर्व कडांना, भोकांच्या आतल्या कडांनाही, वॉर्निश द्यावे. पाणी शोषून न घेणारा फोम घ्यावा. नेहमीचा स्पंज एकदा भिजला की आठवडाभर आतून ओला राहतो. मऊ फोम खोळीपेक्षा साधारण १ सेंटिमीटर मोठा कापल्यास गादी घट्ट भरते. घरच्या सोफ्याचे रेक्झिन उन्हात तडकते, त्यामुळे बोटीसाठी बनवलेलेच मागावे. बसवण्याआधी ते थोडा वेळ उन्हात ठेवले की मऊ पडते. स्टेनलेस स्टीलच्या पिना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे मारत जावे आणि कोपरे शेवटी घ्यावेत.

देखभालीत नियमितपणा लागतो. धूळ आधी कोरडीच झटकावी, मग सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुवावे. भिगवणच्या बाजूला पक्षी पाहायला जाणाऱ्या बोटींवर विष्ठा पडते; ती सुकण्याआधीच धुवावी. ब्लीचमुळे दोरा कमजोर होतो. पडद्यांच्या पारदर्शक प्लास्टिकला काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण लावू नये, ते धुरकट होते. ते पडदे घडी न घालता मध्ये मऊ कापड ठेवून गुंडाळावेत. चेनवर अधूनमधून मेण फिरवावे. छतावर पडलेले पाणी थेंब धरून ओघळेनासे झाले, की कापड धुऊन पूर्ण वाळवावे आणि त्यावर जलरोधक द्रावणाचा हात द्यावा. ओले छत मात्र एका रात्रीसाठीसुद्धा घडी घालून ठेवू नये.