पाणी आधीच मऊ असतं: वाहत्या पाण्याच्या फोटोंना ग्लो देताना

वाहत्या पाण्याच्या फोटोंवर ग्लो, म्हणजे एडिटिंगमध्ये चित्राची धूसर प्रत मिसळून आणलेली मऊ झळाळी, द्यायला नुकतीच सुरुवात केलेले बहुतेक जण मला एकच विचारतात: ब्लर (धूसरपणा) कितीवर ठेवायचा? आकडा पुढे देतोच. पण ग्लो कुठे द्यायचा हे उमगल्याशिवाय कुठलाही आकडा कामाला येत नाही. माझं उत्तर ऐकून नवखे थोडे गोंधळतात: ग्लो द्यायचा तो पाण्याभोवतीच्या प्रकाशाला. खुद्द पाण्याला त्याची गरज क्वचितच असते.

याचं कारण कॅमेऱ्यातच आहे. अर्धा-एक सेकंद शटर उघडं राहिलं की पाणी वाहत्या दिशेने पुसलं जातं. त्या पुसटपणाला दिशा असते. धार कुठून आली, कुठे वळली, कुठल्या दगडावर आपटून फुटली, हे सगळं त्या रेघांत टिकून राहतं. सॉफ्टवेअरमधला गॉसियन ब्लर मात्र चहूबाजूंनी सारखाच पसरतो. तो पाण्यावर फिरला की याच रेघा आधी जातात आणि ओढ्याच्या जागी दुधाळ पट्टा उरतो. शटरने कमावलेली गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये घालवायची नसेल, तर हा फरक डोक्यात पक्का बसायला हवा.

म्हणून एडिटिंग शिकण्याआधी शटर शिका. धबधब्यासाठी आणि दगडांतून उड्या मारणाऱ्या ओढ्यासाठी मी पाव ते एक सेकंदाच्या आसपास राहतो. पाणी रेशमी दिसतं आणि धारा वेगवेगळ्या कळतात. 30 सेकंदांत त्याच पाण्याचं धुकं होतं. शांत तलावाला किंवा समुद्राला ते शोभतं, उसळत्या ओढ्याला शोभत नाही. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश अडवणारी गडद काच, घेताना हाच हिशेब करा: प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो आणि वेळ दुप्पट लागतो. फिल्टरशिवाय 1/15 सेकंद येत असेल, तर 3 स्टॉपचा फिल्टर साधारण अर्ध्या सेकंदावर नेतो, 6 स्टॉपचा 4 सेकंदांवर आणि 10 स्टॉपचा एका मिनिटाच्याही पुढे. सगळे 10 स्टॉपच्या मागे धावतात. ओढ्यांसाठी मला 3 स्टॉपचाच सर्वांत जास्त उपयोगी पडला आहे. पोलरायझर तर हवाच. तो ओल्या खडकांवरची आणि पानांवरची पांढरी चमक काढतो. ती चमक फोटोत राहिली, तर पुढे ग्लो नेमका तिलाच पकडतो आणि खडकांवर पीठ सांडल्यासारखं दिसतं.

आता ग्लोची मूळ कल्पना. मायकल ऑर्टन या कॅनेडियन छायाचित्रकाराने 1980 च्या दशकात ती रूढ केली, म्हणून आजही तिला ऑर्टन इफेक्ट म्हणतात. एकाच दृश्याच्या दोन स्लाइड (पारदर्शक फिल्मवरचे फोटो) काढायच्या, एक रेखीव आणि एक मुद्दाम फोकसबाहेरची. दोन्ही गरजेपेक्षा जास्त उजळ ठेवायच्या आणि मग एकावर एक लावायच्या. दोन फिल्ममधून गाळून येताना प्रकाश कमी होतो, म्हणून आधीच उजळून घ्यायचं. रेखीव स्लाइड तपशील देते, धूसर स्लाइड रंग आणि प्रकाश पसरवते. संगणकावर हेच करायचं तर लेअरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत काढून स्क्रीन मोडने (मोड म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळण्याची रीत) चित्र उजळायचं, दोन्ही लेअर एकत्र करायचे, त्याची पुन्हा प्रत काढून ती ब्लर करायची आणि मल्टिप्लाय मोडला लावायची. दोन स्लाइडमधून प्रकाश जातो तेव्हा जे घडतं, त्याचंच गणित मल्टिप्लाय करतो. ही मूळ पद्धत एकदा हाताने करून बघा. रोजच्या कामात मी ती वापरत नाही, कारण सावल्या फार लवकर काळ्या पडतात आणि ओढ्याच्या फोटोत सावल्या भरपूर असतात. पण ती केली की ग्लो कशाचा बनतो ते हाताला कळतं.

माझी रोजची रीत एका ठरावीक प्रकारच्या फोटोवरून सांगतो: काळे ओले खडक, मधून उतरणारा ओढा, वर झाडी आणि पानांतून मागून येणारा उजेड. साधी सफाई, एक्स्पोजर, रंग हे सगळं झालं की शेवटाकडे मी लेअरची प्रत काढतो. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे लांब बाजूला 6000 पिक्सेल. त्यावर गॉसियन ब्लर 20 ते 40 पिक्सेल. हाच फोटो 1500 पिक्सेलचा करून एडिट करत असाल तर 5 ते 10. कुणाचा आकडा जसाच्या तसा उचलून उपयोग नाही तो यासाठीच, तो फोटोच्या मापावर ठरतो. लेअरचा मोड नॉर्मल किंवा सॉफ्ट लाइट, ओपॅसिटी, म्हणजे तो लेअर किती ठळक दिसावा ते, 10 ते 20 टक्के. सॉफ्ट लाइटने कॉन्ट्रास्ट आणि रंगाची गडदता वाढते, त्यामुळे हिरवा रंग भडकतो का यावर नजर ठेवावी लागते.

मग खरं काम, मास्क: लेअरचा कुठला भाग दिसावा ते तो ठरवतो, पांढरं तिथे दिसतो, काळं तिथे लपतो. मी मास्क पूर्ण काळा करतो, म्हणजे ग्लो कुठेच दिसत नाही, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त हवा तिथे परत आणतो. ब्रशचा फ्लो, म्हणजे एका हातात उतरणारा रंग, 10 टक्क्यांच्या आत. पहिले हात पानांतून येणाऱ्या उजेडावर. मग धबधब्याच्या पायथ्याशी उडणाऱ्या तुषारांवर, कारण तिथे हवेतच ओलावा असतो आणि प्रकाश खरोखर पसरलेला असतो. मग दूरच्या झाडीवर हलकासा. पुढच्या खडकांना मी हात लावत नाही. त्यांची खरखर, शेवाळाचे बारीक तंतू, ओल्या कडेवरची चमक, हे सगळं तीक्ष्ण राहिलं तरच शेजारचं पाणी मऊ वाटतं. मऊपणा दिसायला शेजारी काहीतरी टणक लागतं.

काळा खडक आणि पांढरं पाणी जिथे भिडतात, ती कड 100 टक्के झूम करून तपासाच. ब्लर पाण्याची पांढरी झाक खडकावर ओढून आणतो आणि खडकाभोवती राखाडी प्रभावळ तयार होते. लहान पडद्यावर ती पटकन दिसत नाही, फक्त फोटो कसातरी मळका वाटतो आणि कारण सापडत नाही. फोटोशॉपमध्ये लेअर स्टाइलमधल्या ब्लेंड इफने ती चांगली आवरते: खालच्या लेअरचा काळा स्लायडर उजवीकडे सरकवा, ऑल्ट किंवा ऑप्शन दाबून त्याचे दोन भाग करा, म्हणजे गडद भागातून ग्लो हळूहळू विरतो. पांढरा स्लायडर तसाच डावीकडे आणला की पाण्याचा अतिउजळ भागही वाचतो.

पांढऱ्याबद्दल मी फार काटेकोर आहे. पाणी हा फोटोतला सर्वांत उजळ भाग असतो आणि ग्लो त्याला आणखी वर ढकलू शकतो. उजळपणा 0 (काळा) ते 255 (पूर्ण पांढरा) असा मोजतात; 255 ला टेकलेल्या पाण्यात काहीच उरत नाही, धार नाही की फेस नाही. मी पाण्याचा उजळ भाग 240 च्या आसपास थांबवतो. त्यासाठी शूटिंगच्या वेळीच हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजळपणाचा आलेख) बघून थोडं कमी एक्स्पोजर घ्या आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढा. सावल्या नंतर उचलता येतात, जळालेलं पाणी परत येत नाही.

16 बिटमध्ये काम करा. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या असतात आणि गुळगुळीत पाण्यावर ग्लो दिला की त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उमटतात. तरीही पट्टे दिसलेच तर थोडा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) टाकला की मोडतात.

सॉफ्टवेअरवर मी फार बोलणार नाही. मोफत असलेल्या गिंपमध्ये लेअर, मास्क सगळं आहे, आणि आर्टिस्टिक फिल्टरांत सॉफ्टग्लो नावाचा तयार फिल्टरही आहे. डार्कटेबलमध्ये सॉफ्टन हे मॉड्यूल ऑर्टनसाठीच आहे. लाइटरूममध्ये मास्क करून क्लॅरिटी (तपशिलांचा उठाव) आणि डिहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) थोडे उणे केले की बरंच जवळ जाता येतं, फक्त क्लॅरिटी उणे करताना ती पाण्याच्या रेघांवर जाऊ देऊ नका. साधन कुठलंही असो, तयार प्रिसेट (आधीच ठरवलेली सेटिंग) पूर्ण फोटोवर टाकून थांबू नका.

वाऱ्याने हललेली पानं हा एक वेगळाच फसवा प्रकार. अर्ध्या सेकंदात पानं हलतात, आणि ग्लो दिल्यावर तो दोष मुद्दाम केलेल्या मऊपणासारखा दिसतो. नवखे त्यावर समाधान मानतात. मी ट्रायपॉड न हलवता आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवून पानांसाठी एक वेगवान फ्रेम घेतो आणि दोन्ही नंतर जोडतो. पानं आधी रेखीव असली तर त्यांच्यावरचा ग्लो उजेडासारखा दिसतो, नाहीतर तो चुकलेला फोकस वाटतो.

यात पुढे व्यावसायिक काम करायचं असेल तर दोन सवयी आत्ताच लावा. मूळ रॉ फाइल आणि लेअर असलेली फाइल दोन्ही जपा. अनेक स्पर्धा निकालाआधी रॉ मागतात आणि किती एडिटिंग चालेल याचे प्रत्येकीचे नियम वेगळे असतात, ते फोटो पाठवण्याआधी वाचा. ग्राहकाचंही तसंच. निसर्गाचं मोठं चित्र भिंतीवर लावणाऱ्याला ग्लो आवडू शकतो. त्याच ओढ्याचा फोटो माहितीसाठी वापरणाऱ्याला तो नको असतो. त्याला ग्लोचा लेअर बंद करून फाइल देता आली पाहिजे.

छपाईत ग्लो पडद्यापेक्षा वेगळा वागतो. पडदा स्वतः उजळतो, कागद फक्त पडलेला प्रकाश परतवतो, त्यामुळे पडद्यावर झळाळणारे तुषार कागदावर फिके राखाडी पडू शकतात. मॅट कागदावर काळा रंग तितका खोल जात नाही, म्हणून खडक आणि पाण्यातला फरकही कमी होतो. मोठी प्रिंट काढण्याआधी तुषार आणि खडक दोन्ही येतील असा एक तुकडा, शेवटच्या प्रिंटच्या मापातच, त्याच कागदावर छापून घ्या. ग्लोची ओपॅसिटी तो तुकडा हातात धरून ठरवा.