नैरोबीत नवीन आलाय? आधी मटाटूत चढायला शिका

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मेसेज करतं, दादा मी नैरोबीला जॉइन होतोय, काय काय आणू, सेफ आहे का, आपलं जेवण मिळतं का. आधी मी कुकर, गोडा मसाला वगैरे लांबलचक यादी पाठवायचो. आता नाही पाठवत, कारण गोडा मसाला सोडला तर सगळं इथे मिळतं आणि नवा माणूस जिथे खरा अडकतो ती गोष्ट बॅगेत घालून आणताच येत नाही. इथली पोरं फिरकी घेतात. सतत घेतात. मटाटूवाला, म्हणजे खाजगी बसवाला, घेतो, जुने कपडे विकणारा घेतो, केस कापणारा घेतो, आणि तुम्ही तोंड फुगवलंत की भाव वाढतो. हसून एखादं वाक्य परत फेकलंत की तुम्ही आपले.

कंपनीची गाडी, पार्कलँड्सचा फ्लॅट आणि मॉल एवढ्यावर तीन-तीन वर्षं काढलेले लोक मला माहीत आहेत, त्यांच्यासाठी हे नाही. न्गारा, रिव्हर रोड, टॉम म्बोया स्ट्रीट या जुन्या गर्दीच्या भागात पायी फिरणार असाल तर पुढे वाचा.

पहिलं म्हणजे जाड जॅकेट आणा. आफ्रिका म्हणजे ऊन हे डोक्यातून काढून टाका, नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही बरंच वर, आणि जून-जुलैत सकाळी असा गारठा असतो की पोरं लोकरीची टोपी कानावर ओढून फिरतात. त्या टोपीला इथे मार्विन म्हणतात. मी पहिल्या जुलैत हाफ शर्टवर ऑफिसला गेलो होतो, वॉचमनने विचारलं की बॉस, स्वेटर गहाण ठेवलाय का.

आता मटाटू. शहरातल्या खाजगी बस आणि व्हॅन, १४ सीटर किंवा ३३ सीटर. स्वाहिलीत ताटू म्हणजे तीन, पूर्वी भाडं दहा सेंटची तीन नाणी असायचं त्यावरून हे नाव पडलं. यातली जी नटवलेली असते ती न्गान्या. बाहेरून सगळ्या अंगावर रॅपर, फुटबॉलवाले, कधी येशू, आत स्क्रीन, रंगीत लाइट आणि सीटखालून असा बास की दाढ दुखत असेल तर घरी बसा. बुरुबुरुची ५८ नंबर आणि रोंगाईची १२५ नंबर लाइन यासाठी फेमस आहे, पोरं एखादी ठरावीक गाडी यावी म्हणून दोन रिकाम्या सोडतात, मी स्वतः पाहिलंय. २००४ मध्ये जॉन मिचुकी नावाच्या मंत्र्याने सीट बेल्ट, स्पीड गव्हर्नर आणि बाजूने पिवळा पट्टा सक्तीचा केला तेव्हा ही रंगरंगोटी बंद पडली होती, नंतर राष्ट्राध्यक्ष उहुरु केन्याटांच्या काळात परवानगी मिळाली आणि आता तर विचारूच नका.

चढायची रीत सांगतो. दारात लटकलेला असतो तो कोंडा, म्हणजे कंडक्टर, जुनी माणसं त्याला माकांगा म्हणतात, आणि ड्रायव्हर म्हणजे डेरे. चढायच्या आधी भाडं विचारायचंच, कारण ते सकाळी वेगळं, दुपारी वेगळं आणि पावसाचा एक थेंब पडला की अजून वेगळं. आकडे तो शेंगमध्ये, म्हणजे इथल्या पोरांच्या खिचडी बोलीत, सांगणार. म्बाओ म्हणजे २० शिलिंग, फिंजे म्हणजे ५०, सो म्हणजे १००, थाओ म्हणजे १,०००. एवढे चार शब्द विमानात पाठ करा. हजाराची नोट सकाळी काढू नका, तो सुट्टे नंतर देतो म्हणेल आणि नंतर म्हणजे कधी ते तुम्हीच आठवण करून द्यायचं, चेंज यांगू, असं म्हणत, उतरायच्या दोन स्टेज आधीपासून (बसस्टॉपला इथे स्टेज म्हणतात). खिडकीत बसून फोन हातात धरू नका. गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली की बाहेरून हात येतो आणि फोन जातो, यात गंमत काही नाही.

उतरायचं असेल तर ओरडायचं, शुकिशा! म्हणजे उतरव. कोंडा पत्र्यावर थाप मारतो आणि गाडी थांबते, बहुतेक वेळा. मी पहिल्याच आठवड्यात, ॲपवरून शिकलेलं, अगदी शुद्ध वाक्य बोललो होतो, ताफाधाली, निंगेपेंडा कुशुका हापा. म्हणजे कृपया, मला इथे उतरायला आवडेल. आमच्या डोंबिवली लोकलच्या दारात उभं राहून ‘महोदय, मला किंचित वाट द्याल का’ म्हणण्यासारखं झालं ते. कोंडाने गाणं बंद करायला लावलं आणि तेच वाक्य बातम्या देणाऱ्याच्या आवाजात सगळ्या गाडीला ऐकवलं, मागचा एक म्हणाला हा टांझानियाचा भारतीय दिसतो (तिकडचे लोक फार सोवळी स्वाहिली बोलतात असा इथला जोक आहे), आणि मी उतरेपर्यंत माझं नाव म्वालिमु पडलं होतं. म्हणजे मास्तर. आठवडाभर मला राग होता. मग ऑफिसमधल्या एका मुलीने सांगितलं की राग नको, उत्तर घेऊन जा, आणि तिने एक वाक्य शिकवलं. पुढच्या वेळी तोच कोंडा हात पुढे करून म्वालिमु, भाडं, म्हणाला तेव्हा मी म्हटलं, म्वालिमु हाजालिप्वा. मास्तरांचा पगार झाला नाही. इथे शिक्षकांच्या पगाराचं रडगाणं आपल्यासारखंच नेहमीचं, त्यामुळे गाडी फुटली हसून. भाडं घेतलंच त्याने, पण त्या दिवसापासून सुट्टे मागावे लागले नाहीत.

तर शेंगबद्दल. स्वाहिली, इंग्रजी, किकुयू आणि लुओ या जमातींच्या भाषा असं सगळं घुसळून पूर्वेकडच्या ईस्टलँड्सच्या वस्त्यांत तयार झालेली बोली, आणि ती गल्लीगणिक बदलते, यावर्षीचा शब्द पुढच्या वर्षी काकांचा होतो. म्हणून फार शिकायच्या भानगडीत पडू नका. निआजे (कसं काय) म्हटलं की पोआ (मस्त) म्हणायचं, म्से म्हणजे गडी, केजा म्हणजे खोली, लुकु म्हणजे एकूण कपड्यांचा थाट, बास. चाळिशीच्या माणसाने प्रत्येक वाक्यात शेंग घुसडली की कसं वाटतं ते आपल्याकडे एखादे साहेब कॉलेजच्या पोरांत जाऊन ‘काय भावांनो’ करतात तेव्हा कळतंच. आणि म्हाताऱ्या माणसाला चुकूनही निआजे नाही, तिथे शिकामो म्हणायचं, ते मराहाबा म्हणतात, आपल्या नमस्कार-आशीर्वादासारखं.

स्वाहिलीचं मात्र टेन्शन घेऊ नका, तुम्हाला अर्धा बाजार आधीच येतो. दुकान ते डुका, पैसा ते पेसा, हिशोब ते हेसाबु, रंग ते रांगी, गोणी ते गुनिया, आंबा ते एंबे, विमा ते बिमा. समुद्रावरचा व्यापार, मग रेल्वे बांधायला आलेले मजूर आणि त्यांच्यामागून आलेले दुकानदार, सगळ्यांनी थोडं थोडं टाकलंय. बियाशारा स्ट्रीटचं जुनं नाव इंडियन बझार होतं. २०१७ मध्ये सरकारने इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, त्यामुळे कोणी मुहिंदी, म्हणजे भारतीय, अशी हाक मारली तर लगेच शिवी समजू नका, सूर बघा. माझं ठरलेलं उत्तर, हो, ४४ नंबर. मटाटूच्या रूटसारखं वाटतं त्यांना.

चेष्टेत काय चालतं आणि काय नाही हेही सांगून ठेवतो. रोंगाई चालते, लांब आहे म्हणून तिथे राहणाऱ्याला सगळे परदेशस्थ म्हणतात, पासपोर्ट आणलास का विचारतात. ट्रॅफिक चालतं, आर्सेनल (इंग्लंडचा फुटबॉल क्लब) चालतं, रिकामं एम-पेसा (मोबाइलवरचं पैशाचं खातं) चालतं, स्वतःवर केलेला जोक तर सगळ्यात भारी चालतो. राजकारणीही चालतात. राष्ट्राध्यक्ष रुटोंनी कर वाढवले तर लोकांनी त्यांचं नाव झाकायो ठेवलं, बायबलमधला तो झाडावर चढलेला कर गोळा करणारा, आणि जून २०२४ च्या आंदोलनात पोरं ‘झाकायो शुका’ ओरडत होती, झाकायो, खाली उतर. मटाटूत ओरडतात त्या शुकिशाचाच भाऊबंद शब्द. त्या आंदोलनात पोरं मेली, आणि तरी हातातले बोर्ड वाचून हसू यायचं. पण जमातीवरून, किकुयू असा आणि लुओ तसा, हे त्यांचं त्यांना करू द्या. तुम्ही नाही. २००७ च्या निवडणुकीनंतर जमातीवरून हजारावर माणसं गेली आहेत, पाहुण्याने त्यात तोंड घालू नये.

आता लुकु. इथली विशीतली पोरं टकाटक दिसतात आणि नवीन माणसाला वाटतं यांच्याकडे पैसा किती. पैसा नसतो, गिकोंबा असतं. गिकोंबा म्हणजे जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार, बाहेरच्या देशांतून साधारण ४५ किलोचे गठ्ठे येतात, गठ्ठा म्हणजे म्तुंबा, त्यावरून सगळ्या जुन्या कपड्यांना मितुंबा. पहाटे जायचं, सहाच्या सुमारास, गठ्ठा फुटतो तेव्हा. वरचा निवडक माल म्हणजे कॅमेरा, तो स्टायलिस्ट आणि इन्स्टावर विकणाऱ्या पोरी उचलतात, आणि सगळं उपसून झाल्यावर उरतं ते फागिया, फागिया म्हणजे झाडू मार, झाडून गोळा केलेला माल. मजा फागियात आहे पण वेळ लागतो.

जुने बूट घाला, चिखल असतो. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. कपडा आवडला तरी चेहरा मख्ख ठेवा, आधी दुसरं काहीतरी उचला, त्याचा भाव विचारा, नाक मुरडा, मग सहज विचारल्यासारखं हे कितीला. त्याने सोळाशे म्हटलं तर तुम्ही चारशे म्हणा. तो छातीवर हात ठेवून म्हणेल, कस्टमर, माझी मुलं काय खातील. तुम्ही म्हणा, तुझ्या मुलांनी माझ्यापेक्षा भारी बूट घातलेत. बेई या म्विशो, शेवटचा भाव, हे एकदाच म्हणायचं आणि म्हटल्यावर निघायची तयारी ठेवायची. तुळशीबागेत जिची आई घासाघीस करायची तिला हे शिकवावं लागत नाही. कपडा उजेडात धरून बघा, काख, कॉलरची आतली बाजू, चेन तीनदा वरखाली, खिशाचं अस्तर. माझ्या करड्या लोकरी कोटाच्या आतल्या खिशात जर्मन भाषेतली पार्किंगची पावती निघाली, कोणातरी माणसाने तिकडे गाडी लावली आणि त्याचा कोट मी ८०० शिलिंगला घालून फिरतोय. बाह्या लांब होत्या, तर त्याच गल्लीत पायाचं मशीन घेऊन बसलेल्या फुंडीने पंधरा मिनिटांत आखूड करून दिल्या. फुंडी म्हणजे कुठलाही कारागीर, शिंपी, प्लंबर, गवंडी सगळे. घरून कापडी पिशवी न्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि ती कागदावरची बंदी नाही.

चपला मात्र कारिओकोर मार्केटमधून घ्या, न्गाराहून चालत जाता येतं. जुन्या टायरच्या मिळतात, त्यांना आकाला म्हणतात, तुटता तुटत नाहीत, आपल्या कोल्हापुरीसारखी चालताना टेचात वाजत नाही एवढंच.

पैशाचं थोडक्यात, पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि एम-पेसा चालू करा, २००७ पासून आहे, भाजीवालीसुद्धा नंबर देते. बोडा बोडा म्हणजे बाइक टॅक्सी, भाव आधी ठरवा, हेल्मेट मागा.

शाकाहारी असाल तर किबांडा, म्हणजे टपरीवर जाऊन चापो न्देंगू मागा. चापो म्हणजे चपाती, खरं तर पराठ्याच्या जवळची, तेलावरची, पापुद्र्यांची, आणि न्देंगू म्हणजे हिरवे मूग. हो, मुगाची उसळ. बरोबर काचुंबारी, म्हणजे कचुंबरच. मिरची वेगळी मागावी लागते, पिलिपिली म्हणून, आणि ती देताना बाई तुमच्याकडे काळजीने बघते.

शेवटचा प्रश्न सगळे पुरुष महिनाभराने विचारतात, केस कुठे कापायचे. किन्योझीत, म्हणजे न्हाव्याकडे. सेवा बघाल तर राजेशाही, कापून झाल्यावर डोकं धुतात, गरम टॉवेल, मानेला मालिश, पुण्यात एवढ्या पैशात आरसाही बघू देत नाहीत. पण त्यांचा हात बसलाय कुरळ्या केसांवर आणि मशीनवर, आपले सरळ केस म्हणजे त्यांना मांजर कातरायला दिल्यासारखं. पहिल्यांदा मी भिंतीवरच्या पोस्टरमधल्या फेड कटकडे बोट दाखवलं आणि तासाभराने डोक्यावर पायऱ्या घेऊन बाहेर आलो, शेताच्या बांधासारख्या. वर पोराने आरसा धरून गंभीरपणे विचारलं, म्वालिमु, यातल्या कुठल्या मजल्यावर राहतोस? (नाव तिथपर्यंत पोचलं होतं.) त्यामुळे मशीनला कंगवा क्रमांक चार लावायला सांगा आणि वरचं कात्रीने. कात्री त्यांच्याकडे बऱ्याचदा धड नसते. मी आता घरून माझी नेतो, आणि तो ती कापडात गुंडाळलेली कात्री उघडून सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवतो की बघा, पगार झाला नाही म्हणून मास्तर हत्यारं घेऊन कामाला आलेत.