गोधडी शिवायची तर आधी चमचा घ्या

जळगावात एप्रिल लागला की गच्च्यांवर कुरडया, पापड, बिबडे पडतात आणि ते डब्यात गेले की घरोघरी जुन्या लुगड्यांची गाठोडी सुटतात. थंडीची गोधडी उन्हाळ्यातच शिवायची. दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे हात भरपूर मिळतात. तेवढाच भरपूर सल्लाही मिळतो. त्यातला निम्मा ऐकू नये, म्हणून हे लिहिते आहे.

कापड सुती आणि धुतलेलं असावं, हे सांगायला नको. नवं कापड वापरणार असाल तर एक रात्र भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि जुन्या कापडाला चुण्या पाडतं. रंग जाणारी साडी मिठाच्या पाण्यात घातली की रंग पक्का होतो, हे मी तीन जणींकडून ऐकलं आणि तिन्ही वेळा पांढरं अस्तर गुलाबी झालं. मीठ वरणात घाला. रंग सोडणारी साडी वेगळी धूत राहा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. निघतच नसेल तर ती साडी गोधडीत घेऊ नका.

मापाचा हिशेब सोपा आहे. पाचवारी साडी साधारण ५.५ मीटर, म्हणजे १८ फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात आणि रुंदी ४५ इंच असतेच. एका माणसाच्या गोधडीचे तीन थर एका साडीत निघाले. दोन साड्या आत, वर-खाली एकेक थर, एकूण आठ. याहून जास्त घातले तर सुई जात नाही आणि गेली तरी बोटातून जाते. नायलॉनची साडी ‘आत कोणाला दिसतेय’ म्हणून कोंबू नका. ती आतल्या आत घसरते. कापायला कात्रीसुद्धा नको: काठाला एक चीर द्या आणि सरळ फाडा. साधं विणलेलं सुती कापड दोऱ्याच्या रेषेतच फाटतं, कात्रीने इतकं सरळ कोणी कापत नाही. गोल पात्याचा रोटरी कटर आणि त्याची हिरवी मॅट माझ्याकडे आहे. वरच्या थरावर ठिगळांची नक्षी करायची असेल तर ती सोन्यासारखी वस्तू. साध्या गोधडीला पैसे घालवू नका.

आता सुई. दाभण घ्या, असं सांगणाऱ्यांनी पोती शिवली असतील, गोधडी नाही. दाभणाने पडलेलं भोक जुन्या लुगड्यात बुजत नाही, तिथूनच कापड विरतं. सुई बारीक हवी, नेढं मोठं हवं. एकाच मापाच्या दहा-बारा घेऊन ठेवा, कारण आठ थरांत सुया वाकतात. दोरा जाड सुती, एकेरी. मशीनच्या रिळाचा दोरा दुहेरी करून चालतो म्हणतात, पण त्याला पीळ बसून दर चार टाक्यांनी गाठ पडते. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत घ्या, त्याहून लांब घेऊ नका. सारखी सुई ओवायचा कंटाळा म्हणून लांब दोरा घेतला तर तो कापडातून घासून घासून शेवटी तुटतो. दोरा मधाच्या पोळ्याच्या मेणावरून एकदा ओढून घ्या. मेणबत्ती चालत नाही, तिचा भुगा होऊन कापडावर पडतो.

बाकीची हत्यारं घरातच असतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा: अडकलेली सुई त्यात धरली की सुळकन बाहेर येते. पक्कडीने ओढाल तर मोडेल. कपडे वाळत घालायचे चिमटे कडा धरायला. गडद कापडावर रेघ मारायला अंगाच्या साबणाची वाळलेली चिपटी, जी पहिल्या धुण्यात निघून जाते. बंद पडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक टाचण्या गोळा करायला. आणि रात्री केळीला पाणी धरायला जाताना घरातले डोक्याला बांधतात ती बॅटरी. काळ्या कापडात काळा दोरा घालताना तिच्यासारखं काही नाही, लोक हसतील तेवढं हसू द्या. विकत घ्यायचं ते अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी. ते धातूचं, खळगे असलेलं आणि मधल्या बोटात घट्ट बसणारं असावं. सैल घेतलं तर सारखं पडतं आणि मग कोणी वापरत नाही. लाकडी गोल फ्रेम भरतकामाला ठेवा. आठ थर तिच्यात अडकवणं म्हणजे गाढवाला गल्लीत वळवण्यासारखं आहे.

थर लावणे आणि कच्चे टाके

गोधडी बिघडते ती इथे. पुढची शिवण कितीही सुबक घातली तरी इथली चूक झाकत नाही.

माझी पहिली गोधडी मी बहिणीच्या बाळासाठी केली. आजी कडेपासून सुरू करून आत आत चौकोन शिवत जायची, म्हणून मीही तसंच केलं. चार दिवसांनी मधे पोचले तर तिथे ताटाएवढा फुगा. कडेपासून आत येताना प्रत्येक ओळ वरचं कापड थोडंथोडं पुढे ढकलते. ते सगळं मधे जमा होतं आणि तिथून पळायला जागा नसते. शेजारच्या काकूंनी नुसता हात फिरवला आणि म्हणाल्या, “झोळ उना ना व माय!” (झोळ आला ना गं बाई!) तीन रात्री उसवत बसले. आजीला कसं जमायचं, ते नंतर कळलं. दर ओळीला ती डाव्या हाताच्या तळव्याने वरचं कापड स्वतःकडे ओढून घ्यायची, न बघता. तो हात चाळीस वर्षांत तयार झालेला. तुमच्या-माझ्याकडे तेवढा वेळ नाही, म्हणून थर आधीच कच्च्या टाक्यांनी, म्हणजे नंतर काढून टाकायच्या लांब टाक्यांनी, जखडून ठेवायचे.

फरशी पुसून कोरडी करा. खालचा थर इस्त्री करून उलटा पसरा आणि कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. आधी चारही बाजूंचे मधले भाग, मग कोपरे. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. तपासायचं असेल तर एका बाजूची पट्टी सोडून बघा. कड जागेवर राहिली तर बरोबर. बोटभर आत सरकली तर तुम्ही जास्त ओढलंय. तसंच शिवलंत तर पट्ट्या काढल्यावर खालचा थर आखडेल आणि वरचे सगळे थर फुगतील.

पुढचा प्रत्येक थर दुमडून आणायचा, घडीची रेघ बरोबर मधोमध ठेवायची आणि एकेक बाजू उलगडायची. अख्खं कापड चादरीसारखं झटकून टाकलंत तर खाली हवा राहते. जोड असतील तर ते एकावर एक येऊ देऊ नका. मग तळहाताने मधून कडेकडे सारखं करा, आणि वरून लाटणं फिरवा. कोरडं, अर्थातच. दर थराला हे करायचं. कंटाळा येतो हे मला माहीत आहे.

आता चमचा. जमिनीला चिकटवलेल्या कापडातून सुई खाली घातली की तिचं टोक फरशीवर घासत जातं आणि वर येत नाही. मग आपण बोट खाली घालतो, थर उचलला जातो, आणि इतका वेळ केलेलं सगळं हलतं. त्याऐवजी डाव्या हातात पोहे खायचा चमचा धरा आणि सुई जिथून वर यायला हवी तिथे त्याची कड कापडावर दाबून ठेवा. उजव्या हाताने सुई आडवी सरकवा. टोक कापडातून निघालं की चमच्याच्या कडेवर चढतं, चमचा किंचित कलता केला की सुई वर. ‘टक’ असा बारीक आवाज येतो. दहा मिनिटांत हात बसतो. चमचा स्टीलचा, पातळ कडेचा. प्लॅस्टिकचा सुईने खरवडला जातो.

कच्चे टाके मधूनच सुरू करा. पहिली ओळ मधापासून एका कडेपर्यंत, दुसरी मधापासून उलट्या कडेपर्यंत, मग तशाच दोन आडव्या. ही फुली झाली की तिच्या दोन्ही बाजूंनी चार-चार बोटांवर ओळी घालत बाहेर जा. तिरक्या ओळी घालू नका, कापड तिरकं ओढलं की ताणतं आणि सगळा चौकोन वाकडा होतो. टाका दोन बोटं लांब चालेल. दोरा भडक आणि वेगळ्या रंगाचा घ्या, नंतर उसवताना डोळे फोडावे लागणार नाहीत. सेफ्टी पिनांनी काम लवकर होतं, पण जूनमध्ये शिवण अर्धवट राहिली तर पिना गंजतात आणि डाग जात नाही. मी पिना फक्त कडांना लावते.

फरशी गार लागते किंवा गुडघे दुखतात म्हणून खाली सतरंजी घेऊ नका. मी घेतली होती. उचलायला गेले तर गोधडीबरोबर सतरंजीही आली, मधल्या सहा ओळी थेट तिच्यातून गेलेल्या. गुडघ्याखाली उशी घ्या.

झालं की पट्ट्या काढा, गोधडी उलटी करा आणि डोळे मिटून पाठीमागून हात फिरवा. डोळ्यांना न दिसणारी चुणी तळहाताला कळते. सापडली तर तेवढ्या दोन ओळी आत्ताच उसवा.

उरलेलं

धावदोरा घाला, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, ओळींत एका बोटाचं अंतर. कच्चे टाके पक्के असतील तर कडेपासून शिवा नाहीतर मधून, फरक पडत नाही. कडेला लुगड्याचा काठ दुमडून लावा, तो लवकर झिजत नाही. कच्चे टाके काठ लावल्यानंतरच काढा, आणि ओढून काढू नका. दर वीतभर कापून तुकडे उचला. टाके उसवायचा रिपर मिळतो, शिवणयंत्राच्या सामानाच्या दुकानात मागा.

शेवटी सुया मोजा. बसताना किती होत्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचं आणि उठताना तेवढ्याच भरल्या पाहिजेत, मोडलेल्यांची टोकं धरून. एक कमी भरली तर गोधडी कोणाच्या अंगावर घालू नका, त्या स्पीकरच्या चुंबकाने दोन्ही बाजूंनी सावकाश चाचपा. गेल्या वर्षी माझी बारावी सुई गोधडीत नव्हतीच. ती चिकटपट्टीला चिकटून केराच्या टोपलीत गेली होती, आणि मी दोन तास गोधडी चाचपत बसले होते.