खांद्याचा एक्झोस्केलेटन घातलाय, तरी हात का भरून येतो? या चुका टाळा

गाडीच्या पोटाखाली उभं राहून, हात डोक्यावर धरून नट आवळणाऱ्या कामगारांसाठी खांद्याचे एक्झोस्केलेटन (थोडक्यात एक्झो), म्हणजे अंगावर चढवून हाताला आधार देणारे सांगाडे, कारखान्यांत आले. 2018 मध्ये फोर्डने 7 देशांतल्या 15 कारखान्यांत एक्झोव्हेस्ट नावाचे असे सांगाडे उतरवले, तेव्हापासून त्यांचा बोलबाला वाढला. यातले बहुतेक बिनबॅटरीचे असतात, सगळी मदत स्प्रिंगची. हात वर असताना डेल्टॉइडच्या, म्हणजे खांद्यावरच्या स्नायूच्या, पुढच्या भागावरचा ताण त्यामुळे कमी होतो, ईएमजीच्या (स्नायूंतले विद्युत सिग्नल मोजणाऱ्या) चाचण्यांत हे वारंवार दिसलं आहे. तरीही तक्रारी येतात, आणि दोष बहुतेकदा सेटिंगचा निघतो.

स्प्रिंग ‘फुल’वर ठेवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 70 किलोच्या माणसाचा एक हात साधारण साडेतीन किलोचा. तो समोर आडवा धरला की खांद्यावर सुमारे 11 न्यूटन-मीटर भार येतो. हात शरीरापासून 30 अंशांवर असेल तर त्याच्या निम्माच. स्प्रिंगला स्वतःची ताकद नसते. हात खाली आणताना आपणच ती ताणतो आणि वर जाताना तेवढंच परत मिळतं, उसनवारीचा व्यवहार म्हणा. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक ठेवली की प्रत्येक वेळी हात खाली दाबायला दंडामागचा ट्रायसेप्स आणि पाठीचा रुंद स्नायू, म्हणजे लॅटिसिमस, राबायला लागतात. मग शिफ्ट संपताना कामगार सांगतो, “खांदा बरा आहे, पण काखेच्या मागे दुखतंय.”

तपासणी सोपी आहे. एक्झो घालून रिकामा हात खांद्याच्या उंचीवर आणा आणि सैल सोडा. हात सावकाश खाली आला तर ठीक. आपोआप वर जायला लागला, तर सेटिंग एक-दोन टप्पे उतरवा. नटरनर (नट आवळायचं यंत्र) हातात असताना छान वाटणारं सेटिंग, तो ठेवून कमरेच्या उंचीवरच्या ट्रेमधून बोल्ट उचलताना जाच करतं. त्यामुळे दोन्ही हालचाली करून बघितल्याशिवाय नंबर ठरवू नका.

पट्टे अंदाजाने आवळणं

हात वर जाताना खांद्याचा सांधा एका जागी राहत नाही. हात पूर्ण वर नेला तर त्यातले साधारण 120 अंश सांध्यातून आणि 60 अंश खांद्याच्या पात्याच्या फिरण्यातून येतात. एक्झोची बिजागरी या हालचालीशी जुळली नाही की दंडावरचा पट्टा सरकतो, आतल्या बाजूला कातडी लाल होते आणि मदतही वाया जाते. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसवा; खांद्यावरून काढलेला भार शेवटी तिथेच उतरायचा असतो. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच काढून ठेवा.

काम न बघता सगळ्यांना वाटणं

तासन्‌तास हात वर धरायचं काम असेल तर फायदा ठळक दिसतो. हात सारखा वर-खाली होत असेल तर तो घटतो. आणि खालून खोकी उचलायच्या कामात? तिथे एक्झो म्हणजे निव्वळ अंगावरचं ओझं.

एकाच स्नायूवर निकाल देणं

ट्रायल घेणारे इंजिनिअर डेल्टॉइडवर सेन्सर लावतात, आकडा उतरला की खूश होतात. हात खाली आणतानाचे स्नायू, मानेजवळचा ट्रॅपेझियस आणि कंबर यांचं काय? किमान ट्रायसेप्स आणि लॅटिसिमसवर तरी सेन्सर हवेतच. सेन्सर पट्ट्याखाली दबला तर सिग्नल बिघडतो, म्हणून आधी पट्टे बसवा आणि मग जागा ठरवा. एक्झोसह आणि एक्झोशिवाय अशा दोन्ही मोजण्या एकाच दिवशी, सेन्सर न हलवता घ्या. नंतर आकडे त्या माणसाने पूर्ण जोर लावून दिलेल्या कमाल सिग्नलच्या टक्केवारीत मांडा. हात वर जातानाचा आणि खाली येतानाचा भाग वेगळा काढा. दोन्हींची एकत्र सरासरी काढली तर वर जाताना झालेली बचत दिसते आणि खाली येतानाचा खर्च झाकला जातो.