नेट झिरोवर ब्रिटनच्या संसदीय समितीला लिहिताय? या चुका टाळा

इथे यूकेतल्या आपल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली हीट पंप, वीजबिल आणि नेट झिरो (म्हणजे तापमान वाढवणारे वायू देश जेवढे सोडतो तेवढेच शोषून घेऊन बेरीज शून्यावर आणणं) यावरून रोज जुंपते, आणि भांडण रंगात आलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "चला, पार्लमेंटलाच लिहू या." लिहा की, जरूर लिहा. इथल्या संसदीय समित्या खरंच लोकांकडून लेखी म्हणणं मागवतात (त्याला ते 'पुरावा' म्हणतात) आणि त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. फक्त मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा दोन रविवारची मेहनत सपशेल पाण्यात गेली होती, तशी तुमची जाऊ नये म्हणून हे.

पहिली गडबड होते ती दार चुकण्याची. क्लायमेट चेंज कमिटी असं नाव ऐकलं की वाटतं हीच संसदेची समिती, पण तिच्यात एकही खासदार बसलेला नाही. ती २००८ च्या क्लायमेट चेंज ॲक्टने नेमलेली तज्ज्ञांची स्वतंत्र संस्था आहे, दरवर्षी संसदेपुढे प्रगतीपुस्तक ठेवते आणि सरकारला त्याला कायद्याने उत्तर द्यावं लागतं. खासदारांच्या समित्या वेगळ्या. एन्व्हायर्नमेंटल ऑडिट कमिटी १९९७ पासून आहे, तिची गंमत अशी की ती एकाच खात्यापुरती नाही, वाहतूक, शेती, अर्थ कुठल्याही खात्याला पर्यावरणावरून जाब विचारू शकते. एनर्जी सिक्युरिटी अँड नेट झिरो कमिटी मात्र त्याच नावाच्या खात्यावर लक्ष ठेवते, ते खातं फेब्रुवारी २०२३ मध्ये निघालं. आणि पैसे कुठे गेले हा प्रश्न असेल तर पब्लिक अकाउंट्स कमिटी, म्हणजे आपल्याकडच्या लोकलेखा समितीची थोरली बहीणच. तुम्ही ग्लासगो-एडिनबराकडे राहत असाल तर स्कॉटलंडची संसद वेगळी, तिची समिती वेगळी आणि तिथलं नेट झिरोचं वर्षही सगळ्या यूकेसारखं २०५० नाही, २०४५ आहे.

दुसरी चूक आमच्या ओळखीतल्या एका काकूंची. त्यांच्या घराला सरकारी योजनेतून बाहेरच्या बाजूने इन्सुलेशन बसवलं आणि पुढच्याच हिवाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात, कपाटामागे, काळी बुरशी. काकू चिडल्या ते बरोबरच, पण त्यांनी समितीसाठी चार पानं लिहिली ती सगळी कंत्राटदाराने किती वेळा फोन उचलला नाही याची, तारीखवार. मी म्हटलं, काकू, समिती एकेकट्या तक्रारींची तड लावत नाही, हे सगळं तुमच्या भागातल्या एमपीला लिहा, ते त्याचंच काम आहे. त्या म्हणाल्या, "मग समितीला काय लिहू, हवापाणी?" मग आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून समितीने विचारलेले प्रश्न काढले, त्यातला एक होता की कामाचा दर्जा कोण तपासतं. चार पानांचे तीन परिच्छेद झाले: कोणत्या योजनेतून कधी काम झालं, काम झाल्यावर तपासायला कोणी आलं का (नाही), आणि तक्रार करायला तीन वेगवेगळे नंबर दिले त्यातला जबाबदार कोण ते कोणीच का सांगितलं नाही. शेवटी एक ओळ, की काम तपासून झाल्याशिवाय कंत्राटदाराला पूर्ण पैसे देऊ नका. बस. एका घरातली बुरशी होती ती धोरणातली भोकं झाली, आणि समितीला तेच हवं असतं.

तिसरी चूक माझी स्वतःची आणि ती आठवली की अजून कसंतरी होतं. लिहून झाल्यावर हौसेने आधी फेसबुकवर टाकलं, शे-दीडशे लाइक आले, मग तेच समितीला पाठवलं. समितीच्या क्लार्कचं अगदी नम्र ईमेल आलं की आधी प्रसिद्ध झालेलं लिखाण पुरावा म्हणून घेता येत नाही. संपला विषय. उलटही तसंच आहे, एकदा त्यांनी स्वीकारलं की ते समितीचं होतं, त्यांनी छापायच्या आधी तुम्ही छापायचं नाही. यामागे कारण आहे, स्वीकारलेल्या पुराव्याला संसदेचं कायदेशीर संरक्षण मिळतं, तुमच्या पोस्टला ते नसतं. बाकी परिच्छेदांना नंबर द्या, वर चार ओळींचा सारांश द्या, शब्दांची मर्यादा बघा (बहुतेक वेळा तीन हजार असते, पण गाठायलाच हवी असं नाही हो), कोर्टात चालू असलेलं प्रकरण त्यात आणू नका.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ही शिकलेसवरलेले लोक पण करतात: समितीचा अहवाल म्हणजे निर्णय समजणं. जानेवारी २०१८ मध्ये वर सांगितलेल्या एन्व्हायर्नमेंटल ऑडिट कमिटीने म्हटलं की कॉफीच्या फेकून द्यायच्या कपावर २५ पेन्स लावा, देशात वर्षाला अडीच अब्ज कप फेकले जातात. पेपरांनी 'लाटे लेव्ही', म्हणजे कॉफीपट्टी, म्हणून मथळे केले, ऑफिसात लोक आता कॉफी महागणार म्हणून बोलायला लागले, आणि मार्चमध्ये सरकारने नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी फास्ट फॅशनवर अहवाल आला, प्रत्येक कपड्यामागे उत्पादकांकडून एक पेनी घेऊन जुने कपडे गोळा करायची सोय करा म्हणून, तोही सरकारने फेटाळला. समिती सरकारला काही करायला भाग पाडू शकत नाही. उत्तर द्यायला लावते, साधारण दोन महिन्यांत, आणि खरा मसाला त्या उत्तरात असतो. ते वाचायला आपण मराठी माणसं जन्मापासून तयार आहोत खरं तर, कारण 'शासन सकारात्मक आहे' आणि 'तपासून उचित कार्यवाही करू' हे ज्याने ऐकलंय त्याला इथलं 'अंशतः मान्य' आणि 'नोंद घेतली' लगेच कळतं. शिफारशीत तारीख आणि आकडा असेल आणि उत्तरात दोन्ही गायब असतील तर तोंडाला पानं पुसली समजा.

कधी कधी उत्तराची पण वाट बघावी लागत नाही. ग्रीन होम्स ग्रँट, म्हणजे इन्सुलेशनसारख्या घरसुधारणांसाठीची सरकारी अनुदान योजना, आठवतेय? सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली, दीड अब्ज पाउंड, सहा लाख घरं सुधारणार असं सांगितलं होतं. व्हाउचर महिनोन् महिने अडकले, कारागिरांचे पैसे थकले. २२ मार्च २०२१ ला ऑडिट कमिटी म्हणाली की योजना नीट दुरुस्त करा आणि पुढची काही वर्षं चालवा, आणि त्याच आठवड्यात सरकारने योजनाच बंद करून टाकली! नंतर सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने हिशोब मांडला तेव्हा अंदाज होता साधारण ४७,५०० घरांचा, आणि नुसत्या कारभारावरचा खर्च ५ कोटी पाउंडांच्या वर, म्हणजे घरटी हजार पाउंडांहून जास्त. त्यामुळे 'समितीने सांगितलं म्हणजे चालू राहील' असं धरून कोणी घराचं काम काढू नये.

अजून एक, लक्ष्य आणि योजना यात गल्लत करू नका. २०१९ मध्ये, २०५० पर्यंत हे वायू ८० टक्के कमी करायचं लक्ष्य १०० टक्के झालं तेव्हा हाउस ऑफ कॉमन्समध्ये दीड तासाची चर्चा झाली आणि मतदान न होता मंजूर. लक्ष्य ठरवणं इतकं सोपं. पण जुलै २०२२ मध्ये हायकोर्टाने सरकारची नेट झिरो स्ट्रॅटेजी बेकायदा ठरवली, आणि त्यातला एक मुद्दा असा होता की मोजता येणारी धोरणं सहाव्या कार्बन बजेटमधल्या (कार्बन बजेट म्हणजे पाच वर्षांत देशाने किती वायू सोडायचे याची कायद्याने ठरवलेली मर्यादा) कपातीच्या ९५ टक्क्यांपर्यंतच पोचत होती आणि संसदेपुढे ठेवलेल्या कागदात हे सांगितलेलंच नव्हतं. खासदारांनी जाब विचारायचा कशावर? सरकारने मार्च २०२३ मध्ये नवी योजना आणली, ती पण मे २०२४ मध्ये कोर्टात टिकली नाही. म्हणून लिहिताना 'सरकारने हवामानाबद्दल गंभीर व्हावं' असली वाक्यं खोडा आणि विचारा, या योजनेतून किती टन कमी होणार, कधी, आणि नाही झाले तर पुढे काय.

हा आकडा विचारताना तो कशाचा आहे हेही बघा. राष्ट्रीय हिशोबात फक्त इथल्या जमिनीवरचा धूर येतो, तिरुपूरला शिवलेला टी-शर्ट येत नाही, आणि आपल्या हीथ्रो-मुंबई फेऱ्या कार्बन बजेटमध्ये धरायच्या त्या २०३३ ला सुरू होणाऱ्या सहाव्या बजेटपासून.

काकूंचा पुरावा समितीच्या पानावर लागला, नंबर पडून. त्यांनी लिंक ग्रुपवर टाकली आणि खाली पहिला प्रश्न आला, मग बुरशी गेली का? नाही गेली, ते एमपीकडे चालू आहे. मी मात्र आता अहवाल आला की फोनवर दोन महिन्यांनंतरचा रिमाइंडर लावतो सरकारचं उत्तर बघायला, गॅस बॉयलरच्या सर्व्हिसच्या रिमाइंडरच्या बरोबर खाली.