लुतोस्वाव्स्की आणि ब्राम्स एकाच संध्याकाळी: श्रोत्यासाठी काही सूचना

एकाच कार्यक्रमात एक आधुनिक आणि एक रोमँटिक काळातील (एकोणिसाव्या शतकातील) सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची बहुधा अनेक भागांची मोठी रचना, वाजणार असेल, तर पुष्कळ श्रोते पहिली कशीबशी सोसतात आणि दुसरीची वाट पाहत बसतात. थोडी पूर्वतयारी केल्यास हे टाळता येते. उदाहरणादाखल येथे पोलिश संगीतकार विटोल्ड लुतोस्वाव्स्की यांची तिसरी आणि जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स यांची चौथी सिंफनी अशी जोडी घेतली आहे. पहिली १९८३ मध्ये शिकागोत जॉर्ज शोल्टी यांच्या वाद्यवृंद-संचालनाखाली, तर दुसरी १८८५ मध्ये जर्मनीतील मायनिंगेन येथे खुद्द ब्राम्स यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर असलेल्या या दोन्ही कृतींचा मुक्काम ई या पाश्चात्त्य स्वरावर आहे, आणि कानाला धरायला तेवढा आधार पुरेसा आहे.

घरी तयारी करताना दोन्ही कृती अथपासून इतिपर्यंत ऐकण्याची गरज नाही. ब्राम्सच्या चार भागांपैकी फक्त चौथा भाग दोनतीन वेळा ऐकावा आणि लुतोस्वाव्स्कींची पहिली पाच मिनिटे. त्यापुढचे नाट्य सभागृहातच पहिल्यांदा कानी पडावे, असे माझे मत आहे. तिकीट काढताना पुढच्या रांगांचा मोह सोडावा. थोड्या उंचावरील जागेवरून वादकांच्या सर्व रांगा आणि संचालकाचे हात दिसतात, आणि पहिल्या कृतीसाठी ते फार महत्त्वाचे आहे.

लुतोस्वाव्स्कींची सिंफनी सुमारे अर्ध्या तासाची असून ती मध्ये न थांबता वाजते. ई स्वराचे चार जलद, ठाशीव आघात होऊन ती सुरू होते. हे आघात पुढेही परत येतात आणि काहीतरी संपवून दुसरे सुरू करतात, म्हणून चाल शोधत बसण्याऐवजी त्यांच्यावर लक्ष ठेवावे. काही ठिकाणी संचालक ताल देणे थांबवतो. तो केवळ खूण करतो आणि प्रत्येक वादक आपला भाग आपापल्या गतीने वाजवतो, त्यामुळे स्वरांचे दाट, हलते जाळे तयार होते. आपल्याकडच्या श्रोत्याला ही उपज (आयत्या वेळी सुचलेले वादन) वाटण्याचा संभव आहे, पण ती उपज नव्हे: प्रत्येकाचे स्वर लिहिलेले असतात, फक्त ते एकमेकांशी नेमके कोठे जुळतील हे मोकळे ठेवलेले असते. १९६० मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची एक रचना रेडिओवर ऐकल्यानंतर लुतोस्वाव्स्कींना ही वाट सुचली. पहिला मुख्य भाग मुद्दाम तुटक ठेवला आहे, त्यामुळे तो ऐकताना अस्वस्थ वाटले तर ऐकण्यात चूक झाली असे समजू नये. खरा वेग आणि वजन दुसऱ्या भागात येते. शेवट पुन्हा त्याच ई स्वरावर होतो.

मध्यंतरात माहितीपत्रक वाचण्यापेक्षा कानांना विश्रांती द्यावी.

ब्राम्सचे पहिले तीन भाग सहज उलगडतात, म्हणून त्यांविषयी एवढेच सांगतो की तिसऱ्या भागात ट्रँगल या त्रिकोणी धातूच्या वाद्याचा किणकिणाट आहे आणि ट्रम्बोन हे पितळी सुषिर वाद्य वाजवणारे वादक अजूनही स्वस्थ बसलेले आहेत. ब्राम्स यांनी त्यांना चौथ्या भागासाठी राखून ठेवले आहे. तेथे ते जर्मन संगीतकार बाखच्या एका कँटाटातून (गायन व वाद्यांसाठीच्या रचनेतून) घेतलेली, आठ बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा खंड) स्वरावली इतर सुषिर वाद्यांसह मांडतात आणि मग तिच्यावर तीस रूपे उभी राहतात. एकल तबलावादनातील लेहरा, म्हणजे साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी एकच चाल, ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांना हे लगेच उमगेल. फरक इतकाच की येथे लेहरा कधी खालच्या स्वरांत जातो, कधी पार दडतो. प्रत्येक आठ बारांनंतर मनात एक खूण करत जावे. मधोमध लय संथ होते, बासरी एकटी वाजते आणि थोड्या वेळाने ट्रम्बोन हळुवारपणे परततात. मोजणी तेथे सुटली तरी हरकत नाही, कारण त्यानंतर मूळ स्वरावली मोठ्याने परत येते.

टाळ्यांबाबत प्रचलित शिष्टाचार असा की सर्व भाग संपेपर्यंत थांबावे. ब्राम्सच्या तिसऱ्या भागाचा शेवट इतका जोरकस आहे की हात आपोआप उचलले जातात. तेव्हा संचालकाकडे पाहावे आणि चौथा भाग संपून त्याचे हात पूर्ण खाली आल्यावरच टाळ्या वाजवाव्यात. कार्यक्रमात क्रम उलटा असेल, तर मात्र मध्यंतर विश्रांतीत न घालवता लुतोस्वाव्स्कींविषयीची टिपणे त्या वेळी वाचून घ्यावीत.