खुडूक कोंबडी उठत नाही? तळाला हवा लागू द्या

खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. अंडी काढून घेतली तरी ती रिकाम्या खुराड्यात फुगून बसते, हात घातला की पिसं फुलवून टोचते. पिल्लं काढायची नसतील तर तिला उठवलेलं बरं, कारण खुडूक असेपर्यंत ती अंडी देत नाही. नुसतं उचलून अंगणात सोडलं की पाच मिनिटांत परत तिथेच!

१. जाळीच्या तळाचा पिंजरा घ्या. दोन विटांवर असा ठेवा की खालून वारा खेळेल. सगळी मेख यातच आहे, पोटाची ऊब गेली पाहिजे.
२. आत गवत, भुसा, गोणपाट काही नको. दाणा-पाणी मात्र कायम.
३. पिंजरा सावलीत, पण उजेडात, बाकीच्या कोंबड्या दिसतील असा.
४. तीन दिवसांनी सोडून पाहा. दाणे टिपत फिरली तर सुटली. खुराड्याकडे धावली तर आणखी दोन दिवस आत.

पहिल्याच दिवशी उचललीत तर लवकर सुटते. आठवडाभर बसलेली जास्त छळते.

थंड पाण्यात बुचकळणं किंवा उपाशी ठेवणं नको. खुडूक कोंबडी आधीच कमी खाऊन वाळलेली असते. रात्री पिंजरा मांजर-मुंगसापासून सांभाळा.